मेळघाटात चार दिवस: आधी खोऱ्यात उतरा, मग पठारावर चढा

नाशिकहून एका वाचकांनी विचारलं आहे: फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस काढून मेळघाटात यायचं आहे. सोबत सत्तरीचे वडील, त्यांचे गुडघे दुखतात. मुलगी आठवीत, तिला पक्ष्यांचा नाद. स्वतःला किल्ल्यांची आवड. चिखलदऱ्यात सगळ्या रात्री मुक्काम ठेवून गाविलगड किल्ला, सफारी आणि रानपिंगळा (एक दुर्मिळ छोटं घुबड) हे सगळं बसेल का, आणि वाघ नक्की दिसेल असं कोणतं गेट आहे?

थेट उत्तर आधी देतो. सगळ्या रात्री चिखलदऱ्यात राहू नका. पहिल्या दोन रात्री खाली सिपना नदीच्या खोऱ्यात, सेमाडोह किंवा कोलकासला काढा आणि तिसऱ्या रात्री वर चिखलदऱ्यात या. वाघ नक्की दाखवणारं गेट मेळघाटात नाही. तसं कोणी सांगत असेल तर त्याच्यामार्फत बुकिंग करू नका.

तुमचा प्रश्न वरवर मुक्कामाचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी उंचीचा हिशेब आहे. सातपुड्याच्या या गाविलगड रांगेत पायथ्याचं परतवाडा साधारण पावणेचारशे मीटरवर, चिखलदरा अकराशेच्या आसपास आणि वैराटचं शिखर ११७८ मीटरवर. सिपनेचं खोरं पुन्हा खाली, जवळपास पायथ्याच्याच पातळीला. म्हणजे परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायचं आणि रोज पहाटे सफारीसाठी तिथून खोऱ्यात उतरायचं, असा तुमचा बेत आहे. अंधारात घाटाचा तासभर तरी जातो, वडिलांची कंबर जाते, आणि पाखरांचा सगळ्यात चांगला वेळ गाडीत संपतो. चिखलदऱ्यात हॉटेलं जास्त म्हणून लोक तिथे राहतात. त्या सोयीची किंमत रोज पहाटे मोजावी लागते.

जमिनीची घडण एकदा डोक्यात बसली की बाकीचं आपोआप उलगडतं. हा सगळा डोंगर बेसाल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला. कठीण थराचं सपाट पठार, त्याच्या कडेला सरळ तुटलेला कडा, खाली उतार, मग पुन्हा कडा. वरच्या दगडात पाणी फार मुरत नाही. धो-धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात चिखलदऱ्याला पाण्याची ओढाताण होते ती यामुळे. आणि इंटरनेटवर भीमकुंडाचा जो धबधबा तुम्ही पाहिला असेल तो पावसाळ्यातला आहे. फेब्रुवारीत तिथे ओला कातळ आणि दरी दिसेल. दरी पाहण्यासारखी आहेच, पण मुलांना धबधब्याची आशा लावून नेऊ नका.

पाणी दोन बाजूंना जातं. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या नद्या तापीकडे वाहतात. दक्षिण उतारावरच्या चंद्रभागा, शहानूर, वान या नद्या पूर्णेला मिळतात. पूर्णाही पुढे चांगदेवजवळ तापीलाच मिळते. उन्हाळा जवळ येतो तसा नद्यांचा प्रवाह तुटतो आणि पात्रात डोह तेवढे उरतात. जनावरं त्या डोहांभोवती गोळा होतात. फेब्रुवारीच्या मध्यावर हे नुकतं सुरू झालेलं असतं. ओढ्यांना अजून थोडं पाणी असतं, त्यामुळे जनावरं विखुरलेली असतात. एप्रिल-मेमध्ये दिसण्याची शक्यता वाढते, पण खोऱ्यातलं तेव्हाचं ऊन वडिलांना झेपणार नाही. त्यांच्यासाठी फेब्रुवारीच योग्य.

आता वाघाचं. मेळघाट १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. वाघ इथे आहेत. दिसत कमी, त्याला कारणं आहेत. ताडोब्यात जमीन बरीचशी सपाट, तलाव मोठे, रस्ते तलावांच्या कडेने. इथे रस्ता डोंगराच्या कुशीतून वळत जातो, एका हाताला चढ, दुसऱ्या हाताला उतार, आणि दोन्हीकडे साग, बांबू, घाणेरी. वाघ रस्त्यापासून वीस मीटरवर बसला असला तरी दिसणार नाही. पाणवठे शेकडो वळणांत विखुरलेले, भक्ष्यही विरळ, म्हणून एका वाघाचा फिरण्याचा मुलूख मोठा. गाडी जोरात पळवून यातलं काहीच बदलत नाही. मी लोकांना नेतो तेव्हा चालकाला आधीच सांगून ठेवतो की अंतर कमी कापायचं, डोहाजवळच्या वळणावर इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. तुम्हीही गाईडला सुरुवातीलाच हे सांगा. ‘वाघ दाखवा’ म्हटलं की तो नाइलाजाने गाडी दामटतो. ‘थांबत थांबत जाऊ’ म्हटलं की तोच माणूस जंगल उलगडून दाखवतो. बहुतेक गाईड इथल्याच गावांतले आहेत, त्यांच्या नजरेला पर्याय नाही.

थांबल्यावर कान द्यायचे. वानर उंचावरून पाहतं, म्हणून त्याचा खाकरल्यासारखा इशारा बिबट्या-वाघ प्रत्यक्ष दिसल्यावरच येतो. सांबराचा एकच खणखणीत आवाज आला आणि तो पुन्हा पुन्हा येत राहिला तर तो फार भरवशाचा. भेकर मात्र संशयानेही भुंकतं, एकट्या भेकराच्या भुंकण्यावर गाडी वळवू नये. जमिनीवरही खूप काही वाचता येतं. रस्त्याच्या मधोमध बोरांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली तर ती अस्वलाची, या दिवसांत बोरं असतात. वाळवीचं वारूळ वरून फोडलेलं, खोल भोक पाडलेलं, तेही अस्वलाचं काम. मोहफुलं गळायला लागली की पहाटे मोहाखाली माणूस आणि अस्वल समोरासमोर येतात, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये सकाळी पायी भटकणं टाळावं. रस्त्याच्या तिठ्यावर एकाच जागी विष्ठेचा ढीग असेल तर रानकुत्र्यांचा कळप तिथून जातो. रानगवे दिसण्याची शक्यता मात्र चांगली आहे, विशेषतः गवताच्या मोकळ्या पट्ट्यांवर. कोहा, कुंड, बोरी ही गावं पुनर्वसित झाल्यावर त्यांच्या शेतांची कुरणं झाली. गाभ्यातल्या अशा सगळ्या जागा पर्यटकांना खुल्या नसतात. पण रानात अचानक आंबा-चिंचेची जुनी झाडं ओळीत दिसली, तर तिथे कधी काळी वस्ती होती हे ओळखा.

मुलीसाठी रानपिंगळा. हा पक्षी १८८४ नंतर कोणालाच सापडला नव्हता, नामशेष समजला गेला होता, आणि १९९७ साली तो शहाद्याजवळ सातपुड्यात पुन्हा सापडला. मेळघाट हा त्याच्या मोठ्या आधारांपैकी एक. लोक त्याला घनदाट जंगलात शोधतात आणि हात हलवत परततात. त्याला विरळ साग लागतो, खाली झुडुपांची गर्दी नको असते, कारण तो उघड्या फांदीवर बसून खालच्या जमिनीवरच्या पाली, सरडे, उंदरांवर झडप घालतो. तो दिवसाढवळ्या वावरतो. म्हणून पाहण्याची वेळ सूर्य वर आल्यावरची, साधारण सात ते दहा. थंडीच्या सकाळी तो वाळलेल्या फांदीच्या टोकाला ऊन खात बसतो.

घोटाळा होतो तो साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याशी. तोही याच मुलखात असतो, पण गावाजवळ, वडा-चिंचेच्या ढोलीत, जोडीने किंवा टोळक्याने. मुलीला तीन जागा बघायला सांगा: डोकं, पोट, शेपूट. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत, पोटावर तपकिरी खुणा विखुरलेल्या. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं, छाती गडद तपकिरी आणि तिच्याखाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, आणि ती शेपूट तो झटक्याने डावी-उजवीकडे हलवतो. पाय जाड, पांढऱ्या पिसांनी झाकलेले. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, कोणी वाजवत असेल तर थांबवा. त्याच्या विणीचा काळ हिवाळ्यात सुरू होतो. खोट्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजून तो ढोली सोडून येतो आणि तेवढ्या वेळात घरटं उघडं पडतं. ढोल्या असतात जुन्या, वाळलेल्या झाडांत, म्हणून जळणासाठी उभं वाळकं झाड तोडणंही या पक्ष्याला महागात पडतं.

रानपिंगळा नाहीच दिसला तरी तिची सकाळ वाया जाऊ देऊ नका. फेब्रुवारीत काटेसावर फुलते आणि पळस पेटायला लागतो. पूर्ण फुललेली एक काटेसावर निवडा, सूर्य पाठीमागे येईल अशा बाजूला चाळीस-पन्नास पावलांवर बसा आणि तासभर उठू नका. पळसमैना, तोईपोपट, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, वानरं, खारी, सगळे मधासाठी येतात आणि वर मधूनच एखादा शिकरा घिरटी घालून जातो. आठ बाय चाळीसची दुर्बीण पुरे. दहा बाय पन्नासची लहान हातात थरथरते. यात वडीलही खुर्ची टाकून बसू शकतात, हा या बैठकीचा मोठा फायदा.

दिवसांची मांडणी अशी करा. पहिल्या दिवशी सकाळी बडनेऱ्याला उतरून अमरावती–परतवाडा मार्गे दुपारपर्यंत खोऱ्यात. संध्याकाळी नदीकाठी बसा, लांबचा काही बेत नको. दुसऱ्या दिवशी पहाटेची सफारी, दुपारी विश्रांती, संध्याकाळी डोहाजवळ. जमली तर दुसरी सफारी. तिसऱ्या दिवशी सकाळी काटेसावर किंवा रानपिंगळा, जेवून वर चिखलदऱ्याला, संध्याकाळी एखादा पॉइंट. चौथ्या दिवशी सकाळी गाविलगड आणि दुपारी खाली. सफारीचं बुकिंग वनखात्याच्या ऑनलाइन व्यवस्थेतून आधीच करा, आणि ज्या ओळखपत्राने केलं तेच मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. झेरॉक्सवर फाटकात अडवतात आणि ते बरोबरच आहे.

गाविलगडावर मी थोडा जास्त थांबणार, कारण हा किल्ला आणि ही जमीन एकमेकांशिवाय समजत नाहीत. बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास तो बांधला, पुढे एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्ला इमादउल्मुल्क याने तो मजबूत केला. फतेहउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला. दरवाज्यावर सिंहांबरोबर, विजयनगरच्या वळणाचा, दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला दिसतो, तिथे मान वर करून दोन मिनिटं नीट पाहा. बहुतेक लोक फोटो काढत त्याखालून निघून जातात.

किल्ल्याचे दोन भाग आहेत. आतला दक्षिणेकडे, जिथे कडा सरळ तुटतो. बाहेरचा उत्तरेला, त्याला झाकणारा. दक्षिणेकडून चढणं जवळपास अशक्य, म्हणून तिथे निसर्गच तटबंदी झाला. उत्तरेकडे मात्र किल्ला पठाराला जोडलेला आहे आणि तिथेच दुहेरी-तिहेरी तट घालावे लागले. १८०३ च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांच्या या किल्ल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली चालून आला तेव्हा त्याने दक्षिणेला हल्ल्याचा देखावा केला आणि कर्नल स्टीव्हन्सनला तोफांसह डोंगर ओलांडून उत्तरेला लबाडा गावाकडे पाठवलं. रस्ता नव्हता. वाट करत, तोफा माणसांनी ओढत ती फौज वर आली. उत्तरेचा तट तोफांनी फुटला आणि १५ डिसेंबरला बाहेरचा किल्ला पडला. आतल्या तटाला भगदाड नव्हतं. तिथे एक तुकडी शिड्या लावून चढली आणि तिने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं. चिखलदऱ्याहून जाणारी आजची वाट उत्तरेच्याच बाजूने किल्ल्यात शिरते. म्हणून आत शिरण्याआधी थांबून मागे वळून पठाराकडे पाहा. तोफा कुठे लागल्या असतील हे नकाशाशिवाय कळतं.

किल्ल्याला साडेतीन ते चार तास धरा आणि सातला सुरुवात करा. माणशी दोन लिटर पाणी न्या, आत काही मिळत नाही. तळी आहेत, पण ते पाणी पिऊ नका. फेब्रुवारीत गवत वाळून कुसळं झालेली असतात, ती मोज्यांतून पायात रुततात. जाड कापडाची पूर्ण पँट आणि घोट्यावरचे बूट हवेत. वाट सोडून गवतात शिरू नका, पडक्या भिंती आणि टाक्यांची तोंडं त्यात दिसत नाहीत. रान किल्ल्याच्या आतपर्यंत आलेलं आहे, बोलत आणि एकत्र चाला. वडिलांना पहिल्या दरवाज्यांपर्यंत सावकाश नेता येईल. तिथलं कोरीवकाम त्यांनी पाहावं आणि सावलीत बसावं. पुढच्या चढ-उतारावर नेऊ नका. गुडघा चढताना साथ देतो, उतरताना दगा देतो.

वडिलांनाही एखादा किल्ला पूर्ण दाखवायचा असेल तर गाविलगडाऐवजी नरनाळा घ्या. अकोट तालुक्यात शहानूरकडून फाटकावर नोंद करून गाडी बरीच वर नेता येते. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा आहे आणि नक्षीकाम गाविलगडापेक्षा नाजूक. मात्र त्यासाठी तिसरा दिवसही खोऱ्यात न घालवता लवकर निघावं लागेल, आणि परतीची गाडी बडनेऱ्याऐवजी अकोल्याहून धरा. दोन्ही किल्ले एकाच दिवसात कोंबू नका, एकही धड होत नाही. त्या रस्त्याने गेलात तर अंजनगाव सुर्जी लागेल, पानमळ्यांचं गाव. ३० डिसेंबर १८०३ चा शिंद्यांबरोबरचा तह तिथलाच.

खोऱ्यातली गावं मुख्यतः कोरकूंची. त्यांची भाषा मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, ती झारखंडकडच्या मुंडारी भाषेच्या जवळची. घरं समोरासमोर दोन ओळींत, मधे रुंद अंगण-रस्ता. गावाबाहेर झाडाखाली कोरीव लाकडी खांब दिसले, ज्यावर सूर्य, चंद्र, घोडेस्वार असतात, तर ते मृतांच्या स्मृतीचे मुंडा आहेत. हात लावू नका, टेकून फोटो काढू नका. मेळघाटचं नाव बाहेर कुपोषणाच्या बातम्यांतून गेलं. तरीही अशक्त दिसणाऱ्या मुलांचे फोटो काढणं, गाडीतून चॉकलेटं फेकणं हे करू नका. द्यायचंच असेल तर गावातल्या माणसाकडून विकत घ्या: मध, खवा, बांबूच्या वस्तू. म्हशीच्या दुधाचा इथला खवा आणि चिखलदऱ्याची रबडी चांगली असते. चिखलदऱ्यात कॉफीची झाडंही दाखवून घ्या, राज्यात ती इतरत्र क्वचितच पाहायला मिळतील. होळीच्या दिवसांत आलात तर रस्त्यावर फगवा मागणारी मंडळी भेटतील. कामासाठी बाहेर गेलेली माणसं या सणाला घरी परततात, म्हणून दहा-वीसच्या नोटा हाताशी ठेवा आणि हसून द्या.

थंडीबद्दल एक गोष्ट लोकांच्या अंदाजाच्या उलट असते. रात्री गार हवा उतारावरून खाली घसरून खोऱ्यात साचते. पहाटे सेमाडोह-कोलकासची थंडी चिखलदऱ्यापेक्षा जास्त बोचते, आणि उघड्या जिप्सीत वारा लागतो. वडिलांसाठी कानटोपी, मफलर आणि पायांवर घालायला एक जाड पांघरूण घ्या. दहानंतर हेच सगळं उतरवावं लागतं, म्हणून एका जाड जॅकेटपेक्षा थरावर थर बरे.

गाडीची टाकी परतवाड्यात भरा, पुढे धारणीपर्यंत भरवसा धरू नका. रोख पैसे तिथेच काढा. जंगलात मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, मुक्कामाचा पत्ता आणि परतीची वेळ घरी आधीच कळवून ठेवा. वडिलांची औषधं दोन दिवस जास्तीची घ्या. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, सतत ब्रेक दाबला तर ते तापून पकड सोडतात. रपट्यावर पाणी वाहत असेल तर तळ दिसल्याशिवाय गाडी घालू नका, फेब्रुवारीत असं क्वचितच होईल. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोचा. रात्रीच्या वाहतुकीचे नियम नाक्यावर विचारून घ्या, आणि जाण्याची परवानगी असली तरी जाऊ नका: अंधारात रस्त्यावर उभा असलेला गवा गाडीच्या उजेडात शेवटच्या क्षणी दिसतो.

खोऱ्यात दोन रात्रींची खोली मिळालीच नाही, तर पहिली रात्र परतवाड्यात काढा आणि पहाटे लवकर निघून सफारी धरा. चिखलदऱ्याहून उतरण्यापेक्षा तेही बरं पडतं.